मापातले पाप

पाऊस उघडल्यावर रानात औत कधी घालायचे, हे शेतकऱ्याला यंत्राने सांगावे लागत नाही. मूठभर माती उचलायची, दाबायची आणि सोडायची. चिखलाचा गोळा हाताला चिकटून राहिला तर अजून थांबायचे. भुसभुशीत होऊन सुटला तर वापसा आला. मातीच्या पोकळ्यांत पाणीही आहे आणि हवाही, दोघांनाही पुरेशी जागा आहे, अशी ती अवस्था. मातीत हवा असते, ती आतबाहेर करते आणि पिकाचे पुष्कळसे नशीब त्या ये-जा करण्यावर ठरते, हे आपल्या भाषेला फार पूर्वीपासून ठाऊक आहे.

मातीतल्या या हवेला आता बाजारभाव येऊ घातला आहे. जानेवारी २०२४मध्ये केंद्रीय कृषी मंत्रालयाने शेतीक्षेत्रातील ऐच्छिक कार्बन बाजाराचा आराखडा जाहीर केला. खासगी कंपन्या त्याआधीपासूनच गावोगाव फिरत आहेत. भातात पाणी सतत साचवून ठेवू नका, अधूनमधून आटू द्या, म्हणजे मिथेन कमी निघेल. नांगरट कमी करा, पाचट जाळू नका, म्हणजे कार्बन मातीत राहील. आणि जे टन वाचतील त्यांचे पैसे मिळतील, असे हे गणित आहे. शेतकऱ्याच्या पदरात चार पैसे पडत असतील तर कोणाचीच हरकत असण्याचे कारण नाही. पण पैसे टनांवर मिळणार असतील, तर ते टन मोजले कसे आणि त्या मापाला किती धरबंध आहे, हे विचारणे भाग आहे. बाजारात दुकानदाराच्या तराजूवर वैधमापन खात्याचा शिक्का लागतो. मातीतून निघणाऱ्या वायूच्या तराजूवर कोणाचा शिक्का आहे?

या प्रश्नाची किंमत भारताने एकदा मोजली आहे. १९९०च्या सुमारास हवामानबदलाच्या जागतिक वाटाघाटी आकार घेत होत्या, तेव्हा भारतातल्या भातशेतीतून वर्षाला पावणेचार कोटी टनांच्या आसपास मिथेन निघतो, असा अंदाज अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने मांडला. त्यामागचे मोजमाप प्रामुख्याने अमेरिका आणि युरोपातल्या भातखाचरांचे होते. दर तिथला घेतला, क्षेत्र इथले घेतले आणि गुणाकार केला. भौतिकशास्त्रज्ञ अ. प. मित्रा यांच्या पुढाकाराने दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिकी प्रयोगशाळेने १९९१मध्ये देशभरातल्या संस्थांना बरोबर घेऊन प्रत्यक्ष खाचरांत मोजणीची मोहीम काढली. उत्तर आले सुमारे ४० लाख टन. म्हणजे आधीच्या आकड्याचा जवळजवळ नववा-दहावा भाग. आपले बरेच भात पावसाच्या भरवशावर असते, खाचरे मध्येच कोरडी पडतात, मातीत सेंद्रिय कर्बही कमी असतो. परदेशी दराला यातले काहीच माहीत नव्हते. त्या वेळी आकडा चुकला तो देशाच्या माथी आरोप म्हणून. उद्या चुकला तर तो शेतकऱ्याच्या खात्यात कमी पैसे म्हणून किंवा खरेदीदाराच्या हाती पोकळ टन म्हणून चुकेल.

तेव्हा मोजणी होते तरी कशी, हे जवळून पाहू. सगळ्यात प्रचलित साधन म्हणजे पेटी. जमिनीत आधी एक चौकट किंवा कडे रोवलेले असते. त्याच्या काठावर खाच असते, खाचेत पाणी ओततात आणि वरून ॲक्रिलिकची पारदर्शक पेटी बसवतात. पाण्यामुळे सांध्यातून हवा जात नाही. पेटीत बॅटरीवर चालणारा छोटा पंखा असतो, थर्मामीटर असतो आणि रबरी बूच असते. पेटी ठेवल्याबरोबर एक, मग दर दहा-पंधरा मिनिटांनी एक, असे हवेचे तीन-चार नमुने सिरिंजने ओढून छोट्या बाटल्यांत भरतात. प्रयोगशाळेत गॅस क्रोमॅटोग्राफवर वायूचे प्रमाण काढतात. वेळेबरोबर ते किती चढले, त्यावरून दर निघतो. साधन साधे, स्वस्त आणि समजायला सोपे आहे. आणि याच साधेपणात त्याच्या चुका दडलेल्या आहेत.

पहिली चूक पेटी झाकताच सुरू होते. वायू जास्त प्रमाणाकडून कमी प्रमाणाकडे सरकतो, म्हणूनच मातीतला वायू वर येतो. पण पेटीत तो साठू लागला की वर आणि खाली यांच्यातला फरक घटतो आणि येण्याचा वेग मंदावतो. रिकाम्या एसटीत पहिले वीस जण झटकन चढतात, नंतरच्यांना दारातच अडकावे लागते, तसे हे आहे. खरा दर पहिल्या क्षणाचा असतो; आपण मात्र अर्ध्या तासाच्या चार बिंदूंतून सरळ रेषा काढतो आणि तिचा चढ खऱ्यापेक्षा कमी भरतो. मग वेळ कमी करावा, तर पाच मिनिटांत प्रमाण इतके थोडे चढते की उपकरणाच्या चढउतारात ते हरवून जाते. इकडे आड, तिकडे विहीर. वक्र रेषा लावण्याच्या पद्धती १९८१पासून उपलब्ध आहेत, पण चार बिंदूंवर वक्र रेषा लावली की एका खराब नमुन्यानेही ती भलतीकडे वळते.

दुसरी चूक दाबाची. मातीचा वरचा थर सच्छिद्र असतो. वरच्या हवेच्या दाबात अगदी किंचित फरक पडला तरी आतली हवा हलते. पेटी जोरात बसवली तर हवा खाली दाबली जाते. सिरिंजने नमुना ओढला तर मातीतली हवा वर खेचली जाते. यावर उपाय म्हणून पेटीला बारीक नळीचे श्वासछिद्र ठेवू लागले, म्हणजे आतला आणि बाहेरचा दाब समान राहील. पण वारा त्या नळीच्या तोंडावरून वेगाने वाहिला की तिथला दाब उतरतो आणि पेटी मातीतला वायू शोषून घेऊ लागते. एक चूक काढायला गेले आणि दुसरी घरात आली. नंतर नळीचे तोंड वाऱ्याला दाद देणार नाही अशा बेताने घडवावे लागले.

तिसरी चूक उन्हाची. सकाळी दहाच्या उन्हात पारदर्शक पेटी म्हणजे छोटे हरितगृहच. आतली हवा तापते, मातीचा वरचा थर तापतो, जिवाणूंची हालचाल वाढते. शिवाय ओल्या मातीची वाफ पेटीत भरते आणि बाकीच्या वायूंना जागा कमी पडते. हिशेब करून पाहा. हवेत वाफ दोन टक्के होती आणि पेटीत चार टक्के झाली, तर ४२० पीपीएम कार्बन डायऑक्साइडचे मोजमाप आपोआप ४११ पीपीएमच्या आसपास उतरते. मातीने वायूचा कणही घेतलेला नसताना तिने तो शोषला, असे कागदावर दिसते. वाफेची दुरुस्ती केली नाही, तर हा भास निष्कर्ष म्हणून छापला जातो.

मग माणसाच्या हातापायांच्या चुका. भाताच्या चिखलात मोजणारा पाय टाकतो तिथे मिथेनचे बुडबुडे वर उसळतात. म्हणून पेटीपर्यंत जायला आधीच फळी टाकून ठेवावी लागते. कडे रोवताना बारीक मुळे तुटतात, त्यामुळे ते किमान एक दिवस आधी रोवावे लागते. आणि फार दिवस तिथेच ठेवले तर पावसाचे पाणी आत साचून त्या तुकड्याचा ओलावा शेजारच्या मातीपेक्षा वेगळाच होतो. भाताचा बहुतांश मिथेन रोपाच्या आतल्या पोकळीतून वर येतो. पेटी दोन ओळींच्या मधल्या चिखलावर ठेवली आणि रोप बाहेर राहिले, तर मुख्य दारच हिशेबातून सुटते. पेटी २० सेंटिमीटर उंच आहे आणि कडे जमिनीच्या वर ५ सेंटिमीटर आहे, हे नोंदवायचे राहिले, तर दर थेट २० टक्क्यांनी कमी निघतो. पाणी साचलेल्या खाचरात तर ही उंची रोज बदलते. बाटलीचे रबरी बूच जुने झाले असेल, तर प्रयोगशाळेत पोहोचेपर्यंत आतला नमुना हळूहळू बाहेरच्या हवेसारखा होत जातो.

या चुका किती मोठ्या असतात, हे तपासण्याचा एक सुंदर प्रयोग झाला आहे. फिनलंडमधल्या ह्युतिआला या वनसंशोधन केंद्रात वाळूच्या थराखालून नेमका ठरावीक कार्बन डायऑक्साइड सोडणारी टाकी बांधली आणि तिच्यावर वेगवेगळ्या गटांच्या २० पेट्या तपासल्या. निष्कर्ष २००४मध्ये प्रसिद्ध झाले. पेटीतली हवा उपकरणातून फिरवत ठेवणाऱ्या पद्धतीत काही पेट्यांनी खऱ्यापेक्षा २१ टक्के कमी, तर काहींनी ३३ टक्के जास्त आकडा दिला. हवा न फिरवणाऱ्या पेट्यांचे मोजमाप ३५ टक्के कमीपासून ६ टक्के जास्तपर्यंत पसरले होते. बारीक वाळूवर त्या सरासरी १३-१४ टक्के कमी दाखवत, भरड वाळूवर फक्त ४ टक्के. एकच पेटी, पण खालचा थर बदलला तर तिची चूकही बदलली. इथे फार महत्त्वाचा मुद्दा आहे. कार्बन प्रकल्पांचे समर्थक सांगतात की दोन शेतांतला फरक मोजायचा असल्याने दोन्हीकडची चूक सारखीच असेल आणि वजाबाकीत ती निघून जाईल. पण नवी मशागत मातीची घडण किंवा ओलावा बदलत असेल, आणि ती त्यासाठीच असते, तर दोन्ही शेतांतली चूक सारखी राहील याची खात्री देता येत नाही.

ही खात्री महाराष्ट्राच्या काळ्या मातीत तर आणखी कमी. दख्खनच्या बेसाल्टपासून बनलेली ही माती ओली झाली की फुगते आणि वाळली की आकसते. उन्हाळ्यात तिच्या भेगांत हात जातो. पेटी भेगेवर ठेवायची की भेग टाळून? टाळली तर मातीचा मोठा दरवाजा सोडून भिंत मोजली जाते. भेगेवर ठेवली तर कड्याखालून बाहेरची हवा आत शिरते आणि वायू बाजूने निसटतो. पेटीपद्धतीच्या बहुतेक नियमावल्या थंड हवामानातल्या, न भेगाळणाऱ्या मातीत घडल्या आहेत. त्या जशाच्या तशा आणून विदर्भ-मराठवाड्यात लावणे म्हणजे १९९०चीच गोष्ट पुन्हा करणे.

समजा, पेटी निर्दोष आहे. तरी तिने मोजला तो अर्धा तास आणि जमिनीचा एक तुकडा. ५० बाय ३० सेंटिमीटरच्या तीन पेट्या मिळून अर्धा चौरस मीटरही होत नाही; हेक्टराच्या बावीस हजाराव्या भागाहूनही तो लहान. शेत काही चहासारखे ढवळलेले नसते. कुठे शेणाचा पो पडलेला, कुठे युरियाची मूठ जास्त पडलेली, कुठे गेल्या वर्षीचे मूळ कुजते आहे. नत्रापासून बनणाऱ्या नायट्रस ऑक्साइड या हरितगृह वायूचा मोठा वाटा अशाच मोजक्या ठिकाणांहून निघतो. पेटी त्यावर पडली तर आकडा आकाशाला भिडतो, हातभर बाजूला पडली तर शून्याजवळ जातो.

वेळेचेही तसेच. खाचरातली मोजणी सकाळी नऊ ते अकराच्या दरम्यान करण्याचा प्रघात आहे, कारण तेव्हाचे तापमान दिवसाच्या सरासरीजवळ असते, असे धरतात. आठवड्यातून एकदा पेटी ठेवायची आणि मधले दिवस सरळ रेषेने जोडायचे. पण माती आठवड्याच्या वेळापत्रकाने चालत नाही. पूर्व आफ्रिकेत काम करणाऱ्या एच. एफ. बर्च यांनी १९५०च्या दशकात दाखवले की वाळलेली माती ओली होताच जिवाणू अचानक जागे होतात आणि काही दिवस कार्बन डायऑक्साइडचा लोंढा सुटतो. उन्हाळाभर तापलेल्या रानावर वळवाचा पाऊस पडतो तेव्हा आपल्याकडेही हेच घडते. नायट्रस ऑक्साइडचा भर मातीच्या पोकळ्या साधारण ६० ते ८० टक्के पाण्याने भरलेल्या असतात तेव्हा असतो, म्हणजे खत पडले, पाणी दिले आणि रान वापशाकडे सरकू लागले, ते मोजके दिवस. सोमवारी मोजणी, मंगळवारी पाणी, पुढच्या सोमवारी पुन्हा मोजणी असा क्रम पडला, तर संपूर्ण हंगामाचा मोठा वाटा दोन सोमवारांच्या मधे निघून जातो.

याचा धडा भातानेच दिला आहे. खाचर आटवले की मिथेन कमी होतो, हे पक्के आहे. पण त्याच वेळी मातीत हवा शिरते आणि नायट्रस ऑक्साइड वाढू शकतो. शंभर वर्षांच्या हिशेबात या वायूची तापवण्याची ताकद कार्बन डायऑक्साइडच्या २७३ पट धरतात. २०१८मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान अकादमीच्या नियतकालिकात दक्षिण भारतातल्या काही शेतांवरचा अभ्यास आला. तिथे एका हंगामात हेक्टरी ३३ किलोपर्यंत नायट्रस ऑक्साइड मोजला गेला, आधीच्या नोंदींच्या तिप्पट. तो आकडा सगळ्या भातशेतीला लावणे चुकीचे ठरेल. पण ज्या प्रकल्पात फक्त मिथेन मोजला जातो किंवा धरला जातो, तिथे वहीची एकच बाजू लिहिलेली असते, एवढे त्यातून निश्चित कळते.

लहान चूक किती लांब जाते, याचे एक उदाहरण. हवेत नायट्रस ऑक्साइड साधारण ३३५ पीपीबी असतो, आणि उपकरणाची अचूकता एक टक्का धरली तरी ३-४ पीपीबींचा चढउतार त्याच्या स्वभावातच आला. पाव मीटर उंचीच्या पेटीत अर्ध्या तासात ५ पीपीबी वाढ दिसली, तर ती माती बोलली की यंत्र अडखळले, हे सांगणे कठीण. पण ती खरी धरून १२० दिवसांच्या हंगामावर आणि हेक्टरावर ताणली, तर सुमारे १२५ ग्रॅम नायट्रस ऑक्साइड होतो, म्हणजे ३५ किलोच्या जवळपास कार्बन डायऑक्साइडइतका. एक लाख हेक्टरांच्या प्रकल्पात हेच साडेतीन हजार टनांच्या घरात जाते. सिरिंजच्या टोकाशी असलेली शंका कागदावर पोहोचेपर्यंत विकण्याजोगा माल झालेली असते.

पेटीऐवजी मनोरा उभारावा, असे सुचवले जाते. मनोऱ्यावरची उपकरणे वाऱ्यातले भोवरे सेकंदाला दहा वेळा टिपतात आणि संपूर्ण शेताची देवाणघेवाण एकत्र मोजतात. पण शांत रात्री भोवरेच नसतात. वायू जमिनीलगत साचतो किंवा उताराने निघून जातो आणि मनोऱ्याला पत्ता लागत नाही. तापलेल्या, ओल्या हवेची घनता बदलल्याने येणारी चूक दुरुस्त करण्याचे सूत्र वेब, पीअरमन आणि ल्युनिंग यांनी १९८०मध्ये दिले. त्याआधीच्या काही मोजणींत दिशाच उलटी निघत असे. थंडीत तर उघड्या उपकरणाच्या स्वतःच्या उष्णतेमुळे निद्रिस्त जमीनही कार्बन शोषते आहे, असा भास झाला होता. मनोरा हे चांगले साधन आहे, पण त्याचा तराजूही तपासावाच लागतो. आणि दोन एकरांच्या तुकड्यांच्या देशात मनोरा नेमके कोणाचे शेत मोजतो, हा प्रश्न उरतोच.

मोजणी टाळून ठरावीक दर वापरण्याची पळवाटही पक्की नाही. शेतात टाकलेल्या नत्रापैकी किती नायट्रस ऑक्साइड होऊन उडते, याचा आंतरशासकीय हवामानबदल मंडळाचा २००६चा सर्वसाधारण दर एक टक्का होता. त्याच्या अनिश्चिततेची मर्यादा ०.३ ते ३ टक्के, म्हणजे दहापट पसरलेली. २०१९मध्ये ओल्या हवामानासाठी रासायनिक खतांचा दर १.६ आणि कोरड्या हवामानासाठी ०.५ टक्के केला गेला. एवढ्या पसाऱ्यातून एका तालुक्याचे टन काढायचे, तर तो आकडा अंदाज म्हणून सांगितला पाहिजे, माल म्हणून नाही.

या सगळ्याचा अर्थ मोजणी निरुपयोगी आहे, असा मुळीच नाही. १९९१च्या मोहिमेतल्या पेट्याही याच चुकांच्या होत्या, तरी त्यांनी दहापटीचा घोळ निस्तरला. तीस टक्के चुकणारे माप अजिबात माप नसण्यापेक्षा कितीतरी बरे. पण त्याने दहापटीचा वाद मिटतो, दहा टक्क्यांचा मिटत नाही. जगभरच्या मातीतून श्वसनावाटे वर्षाला ढोबळमानाने ८० ते १०० अब्ज टन कार्बन बाहेर पडतो. जीवाश्म इंधनांतून साधारण १० अब्ज टन. मातीतून जातो जवळपास तेवढाच वनस्पती परत घेतात म्हणून निभावते. एवढ्या मोठ्या दोन रकमांच्या लहानशा वजाबाकीवर बाजार उभा राहत असेल, तर चुकीचा आकार आधी सांगावा लागेल.

त्यासाठी तीन गोष्टी व्हायला हव्यात. राहुरी, अकोला, परभणी आणि दापोली या चारही कृषी विद्यापीठांत आपापल्या मातीवर वर्षभर चालणारी कायम मोजणीकेंद्रे हवीत, ज्यात काळी भेगाळ माती, कोकणातली जांभ्याची माती आणि पूर्व विदर्भातल्या धानाच्या बांध्या येतील. दुसरे, ह्युतिआलासारखी एक तरी तपासणी टाकी राज्यात हवी, म्हणजे प्रकल्पाची पेटी शेतात जाण्याआधी ठाऊक असलेल्या वायूवर तपासता येईल. खर्च फार नाही. वाळू, टाकी, नळ्या आणि काटेकोर माणसे एवढेच त्याला लागते. तिसरे, शेतकऱ्याबरोबरच्या करारात टनांच्या आकड्यापुढे अधिक-उण्याची मर्यादा छापलेली असावी, आणि त्या मर्यादेतला तोटा फक्त शेतकऱ्याच्या वाट्याला येणार नाही, असे कलम असावे.

मापात पाप असते तेव्हा ते बहुधा काटा मारणाऱ्याचे असते. इथे काटा कोणी मारत नाही. पेटी उन्हात तापते, बूच झिजते, वारा नळीवरून जातो आणि आकडा आपोआप सरकतो. पण ठाऊक असूनही ती चूक आकड्याच्या शेजारी लिहिली नाही, तर तिचे रूपांतर त्या जुन्या पापातच होते. आठवडी बाजारातला भाजीवालासुद्धा काट्यावर शिक्का नसेल तर दंड भरतो. हेक्टरागणिक हवा विकणाऱ्यांना तेवढा तरी नियम लागू व्हावा.